डोळे मिटले आणि टिटवी दिसली. तुमचं टोटेम कोणतं?

गोदाकाठची
१८ मार्च, रात्री १०:४२

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या आग्रहाने गंगापूर धरणाच्या बाजूला एका शिबिराला गेले होते. दोन दिवस. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना सतरंजीवर आडवं झोपवलं, डोळ्यांवर रुमाल ठेवायला सांगितला आणि एक चपटा डफ एकाच लयीत वाजत राहिला. जमिनीतलं एखादं भोक आठवा, त्यातून आत उतरा, जो प्राणी पुन्हा पुन्हा समोर येईल तो तुमचा, तेच तुमचं टोटेम, असं सांगितलं होतं.

मला गावाकडची बारव आठवली. (माहेर चांदवडजवळ.) पायऱ्या उतरले, खाली पाणी नव्हतं, नुसता मुरूम होता आणि त्यावर टिटवी. एका पायावर उभी. माझ्याकडे बघत होती. मी जिथे वळेन तिथे तीच.

नंतर गोल बसून प्रत्येकाने सांगायचं होतं. बावीस जणांत सहा वाघ निघाले, चार गरुड, दोन लांडगे, एक पांढरा घोडा. मी टिटवी म्हटल्यावर घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा काही शक्तीचा प्राणी नाही, उद्या सकाळी परत प्रयत्न करू." सकाळी परत टिटवीच आली. मी मात्र हरीण दिसलं म्हणून सांगितलं. हे खोटं बोलल्याचं मला अजून लागून राहिलंय.

टिटवी आमच्याकडे अशुभ. बाबा आजारी होते त्या उन्हाळ्यात रात्री टिटवी ओरडली की चुलती उठून अंगणात जायची आणि अंधारात खडा भिरकवायची. मी नऊ वर्षांची. मला वाटायचं, ती ओरडून काहीतरी सांगतेय आणि आपण तिलाच हाकलतोय.

आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आपलं देवक कळंब. तुला हे वेगळं कशाला हवं?" मग लगेच स्वतःच म्हणाली, "पण आता तुझं देवक सासरचं. पंचपालवी." म्हणजे माहेरचं सुटलं आणि सासरचं मला लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं. मला विचारून आलेलं असं एकही नाही. टिटवीही विचारून आली नाही, पण ती थेट माझ्याकडे आली.

प्रश्न दोन. देवक आणि हे वैयक्तिक टोटेम एकच का? आणि तुमच्यापैकी कुणाला असं काही दिसलंय, लाभलंय का? त्याचा अर्थ तुम्ही कसा लावला?

—

सिन्नरकर
१८ मार्च, रात्री ११:२०

ताई, राग मानू नका, पण दोन दिवसांच्या फीमध्ये जे मिळतं ते देवक नसतं.

आमच्या घरी लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळातून देवक आणतात. माझ्या बहिणीच्या वेळी मोठे चुलते आणि चुलती मेहूण म्हणून बसले होते. शेला-पदराची गाठ मारलेली, चुलत्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड, चुलतीच्या हातात परडी, चौघांनी डोक्यावर चादर धरलेली, पुढे वाजंत्री. देवकाची डहाळी आणली आणि मुहूर्तमेढीला बांधली. ते उठेपर्यंत घरात सुतक धरत नाहीत, घरच्यांनी गाव सोडायचं नाही. देवक एक असेल तर सोयरीक होत नाही, मग आडनावं वेगळी का असेनात. एवढं सगळं ज्याच्याभोवती उभं आहे ते देवक. डोळे मिटून दिसलं ते स्वप्न.

—

मोरपंखी
१९ मार्च, सकाळी ७:०५

आम्ही मोरे. देवक मोराचं पीस. लहानपणी वहीत पीस ठेवलं म्हणून आजोबांनी मारलं नव्हतं, पण वही मागून घेतली, पीस कपाळाला लावलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. तेव्हापासून मोराच्या पिसाचा पंखा विकायला आला तरी हात लावावासा वाटत नाही. मला कुणी सांगितलं नाही की तुझा स्वभाव मोरासारखा आहे. तसा तो नाहीही. देवक स्वभावाचं नसतं, नात्याचं असतं.

—

खमंग
१९ मार्च, सकाळी ८:१५

मी डोळे मिटले की मिसळ दिसते. झणझणीत रस्सा, बाजूला पापड. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तीच.

—

अनवट_वाट
१९ मार्च, दुपारी १:३०

गोदाकाठची, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मानववंशशास्त्र शिकलोय आणि हा गोंधळ शिकतानाही डोक्यात होता.

टोटेम हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या भागातल्या ओजिब्वे लोकांचा. त्यांच्या भाषेत डूडेम म्हणजे कूळ. क्रौंच, अस्वल, मासा, हरीण अशी कुळं. डूडेम बापाकडून येतं आणि एकाच डूडेमच्या मुलामुलींनी लग्न करायचं नाही, हा जुना नियम. सिन्नरकर म्हणतात तसंच हुबेहूब.

त्याच लोकांत आणखी एक रीत होती. वयात येणाऱ्या मुलाने रानात एकटं राहायचं, उपास करायचा, आणि स्वप्नात किंवा जागेपणी जो दिसेल तो त्याचा राखणदार. त्याला ते डूडेम म्हणत नसत. तो मनिडू.

हा घोळ झाला १७९१ मध्ये. जॉन लाँग नावाचा इंग्रज व्यापारी त्या लोकांत राहून आला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात 'टोटम' असा शब्द छापला. पण गोष्ट सांगितली ती राखणदाराची. एका माणसाचं टोटम अस्वल होतं, त्याच्याकडून चुकून अस्वल मारलं गेलं आणि तो हादरला. म्हणजे शब्द कुळाचा आणि अर्थ वैयक्तिक. इंग्रजीत शब्द आला तोच असा मिसळून. तुमच्या शिबिरात जे झालं त्यात ती मिसळ अजून तशीच आहे.

डफाची पद्धत तर आणखी अलीकडची. मायकेल हार्नर हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ इक्वाडोरमध्ये शुआर लोकांत राहिले होते. त्यांनी वेगवेगळ्या जमातींमधलं काही काही घेऊन, शहरी माणसाला करता येईल अशी एक रीत बांधली आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत ती जगभर पसरली. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती ओजिब्वेंची नाही आणि आपलीही नाही.

—

खमंग
१९ मार्च, दुपारी १:४१

तरी मी म्हटलंच होतं, मिसळ.

—

नाशिक_ते_व्हँकुव्हर
१९ मार्च, रात्री ९:५०

अनवट_वाट, छान लिहिलंत. एक भर घालते. टोटेम म्हटलं की डोळ्यांपुढे कोरलेले उंच खांब येतात, ते ओजिब्वेंचे नाहीत. ते इकडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा, त्लिंगित, निस्गा वगैरे लोकांचे. अख्ख्या सीडरच्या खोडात कोरतात. डोमकावळा, गरुड, अस्वल, किलर व्हेल. हा खांब म्हणजे त्या घराण्याची वंशावळ, हक्क आणि कुणाचं तरी स्मरण. त्यावरचं चित्र दुसऱ्या घराण्याने वापरायचं नाही.

कॅनडाच्या सरकारने १८८५ ते १९५१ या काळात त्यांच्या पॉटलॅच या समारंभावर कायद्याने बंदी घातली होती. खांब उभा करायचा तो याच समारंभात. निस्गा लोकांचा एक खांब १९२९ मध्ये परस्पर उचलून स्कॉटलंडच्या संग्रहालयात नेला होता, तो २०२३ मध्ये परत आला. मी बातम्यांत पाहिलं. म्हाताऱ्या बायका त्या लाकडाला हात लावून रडत होत्या. आपल्याकडे चोरीला गेलेला देवीचा टाक शंभर वर्षांनी देव्हाऱ्यात परत यावा, तसं.

त्यामुळे "माझं टोटेम वाघ" असं कुणी सहज म्हटलं की मी गप्प होते. तुमची टिटवी मला आवडली, ताई. फक्त तिला टोटेम म्हणू नका. दुसरं नाव शोधा.

—

निफाडची_लेक
२० मार्च, सकाळी ६:३०

सहा वाघ निघाले हे वाचून एक सांगावंसं वाटलं.

आमच्याकडे ऊस आहे. बिबट्या उसातच वितो. तोडणीला टोळी आली की फडात पिल्लं सापडतात, मग तोड थांबवायची, वनखात्याला कळवायचं. ते पिल्लं क्रेटमध्ये ठेवून त्याच जागी रात्रभर राहू देतात, आई येऊन एकेक उचलून नेते. मी कॅमेऱ्यातलं पाहिलंय. तिने क्रेट पंजाने उलटा केला आणि मानेला धरून पिल्लू उचललं. किती हळू!

आणि वीज रात्रीची असते तेव्हा माझा भाऊ त्याच फडात पाणी भरायला जातो. हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्याने भजन. आजी कधीही बिबट्याचं नाव घेत नाही. "ते आलं होतं" एवढंच म्हणते. आम्हाला त्याची भीती वाटते आणि त्या आईची मायाही येते, दोन्ही एकाच वेळी. वाघ माझा आहे असं म्हणायची हिंमत आमच्याकडे कुणाची होणार नाही.

—

नक्षत्रवेडा
२० मार्च, दुपारी ४:१०

वैयक्तिक प्राणी आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. प्रत्येकाच्या पत्रिकेत तो लिहिलेला असतो. छत्तीस गुण जुळवतात त्यात योनीचे चार गुण असतात. २७ नक्षत्रं (काही कोष्टकांत अभिजित धरून २८) आणि १४ प्राणी. अश्विनी-शततारका घोडा, भरणी-रेवती हत्ती, रोहिणी-मृग सर्प, मघा-पूर्वा उंदीर, चित्रा-विशाखा वाघ, अनुराधा-ज्येष्ठा हरीण. उत्तराषाढेला मुंगूस, म्हणून रोहिणी-मृगाशी वैर. बहुतेक जण लग्न ठरेपर्यंत हे पान बघतही नाहीत.

झाडही आहे. पुष्याला पिंपळ, मघेला वड, कृत्तिकेला उंबर, रोहिणीला जांभूळ, रेवतीला मोह, शततारकेला कळंब. ताई, तुमचं नक्षत्र कोणतं?

—

गोदाकाठची
२० मार्च, रात्री ९:१५

नक्षत्रवेडा, माझं नक्षत्र शततारका. हात थरथरताहेत लिहिताना. कळंब!

—

नक्षत्रवेडा
२० मार्च, रात्री ९:२२

बघा. माहेरचं देवक सुटलं म्हणता, ते जन्मवेळेतून पुन्हा तुमच्याकडे आलं.

—

पिंपळपार
२० मार्च, रात्री ११:००

आनंदात विरजण घालत नाही, पण थोडं थांबू या. २७ नक्षत्रं आहेत, त्यामुळे असे योगायोग होत राहणार. डफाचंही तसंच. एकसुरी ठेका, अंधार आणि "प्राणी दिसेल" ही आधीच दिलेली सूचना, एवढ्यावर मन चित्रं तयार करतं. कुठून? आठवणीतून. सिनेमे आणि पोस्टर आठवणाऱ्यांना वाघ-लांडगे दिसले. तुम्हाला टिटवी दिसली, कारण नऊ वर्षांच्या मुलीने अंगणात जे ऐकलं ते कुठेतरी राहिलं होतं.

माझ्या दृष्टीने त्या बावीस जणांत सगळ्यात खरं तुम्हीच काहीतरी पाहिलंत. त्याला दैवी म्हणायची गरज नाही.

—

गोदाकाठची
२१ मार्च, सकाळी १०:०५

पिंपळपार, "राहिलं होतं" हे पटलं. पण राहिलेलं तेवीस वर्षांनी, नेमकं त्या दिवशीच वर का यावं, हे उरतंच ना. तुम्ही आठवण म्हणा, मी भेट म्हणते. टिटवी दोन्हीकडे तीच आहे.

—

जुनी_तांबट_आळी
२१ मार्च, दुपारी १२:४५

परवाच धुळवड झाली म्हणून आठवलं. आमच्या घरात वीर आहे. खापरपणजोबांच्या नावाचा चांदीचा टाक. दरवर्षी धुळवडीला घरातल्या एका पोराला सजवतात, तो टाक हातात घेऊन वाजतगाजत रामकुंडावर नेतात, गोदावरीत स्नान घालून परत आणतात. गावात दाजीबा वीराची मिरवणूक असते त्याच दिवशी. यंदा माझ्या मुलाने टाक धरला. सात वर्षांचा आहे. एरवी सेकंदभर स्वस्थ नसतो, पण घाटावरून घरी येईपर्यंत त्याने मूठ उघडली नाही.

घरी आल्यावर विचारलं, काय वाटलं रे? म्हणाला, "तो माझ्या हातात होता, पण मला वाटलं मीच त्याच्या हातात आहे." टोटेम वगैरे मला कळत नाही. हे कळलं.

—

मोरपंखी
२१ मार्च, दुपारी १२:५८

वाचून डोळ्यांत पाणी आलं.

—

रानजाई
२३ मार्च, रात्री ८:३०

पेठ तालुक्यात शिक्षिका आहे, अकरा वर्षं. धागा आज पूर्ण वाचला.

इकडे अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. गावाबाहेर वाघदेव असतो. लाकडाची किंवा दगडाची उभी फळी, तिच्यावर वाघ, नाग, वर चंद्र-सूर्य. गुराखी पोरं जमतात, एक जण वाघ होतो, बाकीचे त्याला हुसकावतात, नंतर रानातच खीर शिजवतात. वर्षभर गुरं राखली म्हणून वाघाचा मान. कुणीही "माझा वाघ" म्हणत नाही. वाघ गावाचा.

मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. त्यात बसणाऱ्यांना माऊली म्हणतात. कडक नेम पाळतात. पावरी वाजते, रात्रभर नाचतात आणि काहींच्या अंगात वारं येतं. म्हणजे लय, जागरण आणि कुणीतरी आत येणं हे इथे शिबिराशिवायही आहे. पण वारं उतरलं की तो माणूस सकाळी नागलीच्या खळ्यावर कामाला असतो. मला अमुक दिसलं, त्याचा माझ्या आयुष्यात काय अर्थ, असं तो विचारत बसत नाही. जे आलं ते गावासाठी आलं असतं, गावासमोर आलं असतं, आणि त्याचे नेम गाव मोजतं.

ताई, टिटवी आली हे मी खरं मानते. माझा प्रश्न उलटा आहे. टिटवी तुम्हाला काय देईल, हे शिबिरात शिकवतात. तुम्ही टिटवीचं काय लागता? देवकाचं झाड तोडत नाहीत, त्याचं फळ काही घरांत खात नाहीत. तुमचा टिटवीसाठी नेम कोणता?

—

सिन्नरकर
२३ मार्च, रात्री ९:०२

रानजाई बाई, लाख बोललात. मी तिखट लिहिलं होतं, तुम्ही तेच नीट सांगितलंत.

—

पाणवठा
२४ मार्च, सकाळी ६:५०

टिटवीवर कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो. नांदूरमध्यमेश्वरला पंधरा वर्षं पक्षी बघतोय. (गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचा जलाशय. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं.) लोक रोहित (फ्लेमिंगो) बघायला येतात आणि टिटवीवर वैतागतात, कारण ती आधी ओरडते आणि सगळे पक्षी उडतात.

तिचं कामच ते. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला पहारा द्यावाच लागतो. घरटं म्हणजे उघड्यावर एक खळगा, भोवती बारीक खडे. अंडी बहुधा चार, मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची. चार पावलांवरून दिसत नाहीत. नर-मादी दोघं आळीपाळीने उबवतात, साधारण चार आठवडे. एप्रिल-मेच्या उन्हात उबवण्यापेक्षा अंडी गार ठेवणं अवघड. मग ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. दिवसातून कितीतरी खेपा. कुत्रं जवळ आलं तर पंख मोडल्यासारखी लंगडत त्याला लांब नेते. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांत चालू लागतं, आईने एक विशिष्ट आवाज काढला की आहे तिथे दगड होऊन बसतं.

ती रात्री ओरडते तेव्हा जवळून कुणीतरी गेलेलं असतं. साप, मुंगूस, माणूस. मरण घेऊन येत नाही ती, तिला फक्त आधी दिसतं.

—

गोदाकाठची
२४ मार्च, सकाळी ७:३१

पाणवठा, शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या वर्षी विहिरीजवळ फुरसं निघायचं. चुलतीला सांगायला हवं होतं कुणीतरी."

—

अवधूत_चिंतन
२५ मार्च, सकाळी ११:२०

दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंची आठवण कशी झाली नाही कुणाला? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदूला सांगतो: कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कोळी, कुंभारमाशी. त्यात कुरर पक्षीही आहे आणि आपल्या मराठी याद्यांत त्याला टिटवीच म्हणतात. कुररच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बाकीचे पक्षी त्याला टोचत होते. त्याने तुकडा टाकला आणि सुटला.

—

पाणवठा
२५ मार्च, सकाळी ११:४५

टिटवी मांस घेऊन उडत नाही हो, किडे खाते. गोष्टीतला कुरर मासे पकडणारा शिकारी पक्षी असणार. मोरघारीसारखा नाही, पाण्यावरचा, कैकर.

—

अवधूत_चिंतन
२५ मार्च, दुपारी १२:३०

असेल, पक्षी तुम्ही जास्त जाणता. पण मुद्दा बघा. अवधूताने गुरू निवडले ते स्वतःसारखे दिसतात म्हणून नाही. पतंगाकडून काय करू नये ते शिकला, अजगराकडून मिळेल त्यात राहायला. हत्ती बलवान म्हणून नाही, हत्ती फसतो म्हणून गुरू. शक्तीचा प्राणी आणि बिनशक्तीचा प्राणी असा भेद त्या यादीत नाही. शिबिरातल्या बाईंना हे कुणी सांगायला हवं होतं.

पंचतंत्रातली टिटवीची जोडी आठवा. समुद्राने अंडी नेली, तर नर समुद्र कोरडा करायला निघाला. पक्षी हसले नाहीत, ते गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली.

—

कळवणची_माती
२६ मार्च, सायंकाळी ५:१५

आमचे तात्या म्हणायचे, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलायला. लहानपणी मी रात्री उठून बघायला जायचे.

अवांतर: कळंब आणि कदंब बरेच जण एकच धरतात. रानातला कळंब वेगळा, त्याची फुलांची गोंडी लहान. कदंबाची मोठी, लाडवासारखी. देवकाला घरोघर वेगळं झाड आणतात. पंचपालवीचंही तसंच, आंबा-वड-पिंपळ-उंबर ठरलेले, पाचवं कुठे जांभूळ तर कुठे पायरी (आंबा नव्हे, पिंपळाच्या जातीचं झाड).

—

माहेरवाशीण
२८ मार्च, रात्री १०:२०

सगळे देवकावर आणि टिटवीवर बोलताहेत. मूळ पोस्टमधली एक ओळ कुणीच उचलली नाही, ती मला झोपू देत नाहीये. "मला विचारून आलेलं असं एकही नाही."

लग्नात माझं नाव बदललं, कुळ बदललं, कुलदैवत बदललं. माहेरची सप्तशृंगी, सासरचा खंडोबा. वणीला गेले की ओटी भरते आणि मनात येतं, ही माझी आई की आता पाहुणी म्हणून आलेय मी? सासूबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं दोघांनाही हात जोडते. कुणी मोजायला येत नाही." तेव्हापासून थोडं हलकं वाटतं.

सिन्नरकर दादा, देवकाभोवती सगळं उभं आहे हे खरं. पण बाई त्या मांडवात एकीकडून दुसरीकडे जाते तेव्हा तिच्याबरोबर काय जातं? गोदाकाठची, तुमच्याबरोबर टिटवी आली असेल तर तिला येऊ द्या.

—

सिन्नरकर
२८ मार्च, रात्री ११:०५

ताई, खरं सांगतो, या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. बहिणीच्या लग्नात देवक आणताना आम्ही नाचत होतो. ती आत बसली होती. तिचं त्या क्षणी काय सुटत होतं, कुणी विचारलं नाही. उद्या फोन करतो तिला.

—

पिंपळपार
२९ मार्च, सकाळी ९:००

माहेरवाशीण यांना +१. माझ्या तर्काला इथे काही काम नाही.

—

गोदाकाठची
२७ एप्रिल, सकाळी ८:१०

धागा वर काढते. महिनाभर रानजाईंचा प्रश्न डोक्यात घेऊन फिरले. नेम कोणता?

आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट आहे, पलीकडे नाला. काल पहाटे गॅलरीत उभी होते, टिटवी ओरडायला लागली आणि थांबेचना. खाली गेले. ती माझ्या डोक्यावरून झेपा घालत होती. मी जिथे होते तिथेच उभी राहिले, पाणवठ्यांनी लिहिलेलं आठवून खाली बघत. पाच मिनिटांनी दिसली. मुरमाच्या ढिगावर चार अंडी. बारवेत दिसली होती तिथेही मुरूमच होता.

प्लॉटवर सोमवारी जेसीबी येणार आहे. काय करू?

—

पाणवठा
२७ एप्रिल, सकाळी ८:२५

अंड्यांना हात लावू नका, जागा हलवू नका. पुन्हा पुन्हा जवळ जाऊ नका, कावळे तुमच्यावर लक्ष ठेवतात. कामावरच्या माणसाशी बोला. गरज पडली तर वनखात्याला कळवा, पण आधी बोला. सावलीत एक पसरट भांडं पाण्याचं ठेवा, घरट्यापासून लांब.

—

रानजाई
२७ एप्रिल, सकाळी ९:४०

ताई, नेम तुमच्या दारात आला.

—

गोदाकाठची
२९ एप्रिल, रात्री ९:३०

काल सकाळी साडेसातला खाली जाऊन बसले. जेसीबीबरोबर मुकादम आला. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, कायदा, दंड, सगळं. मी तोंड उघडायच्या आत त्याने ढिगाकडे बघितलं, ड्रायव्हरला हाताने थांबवलं आणि चार मोठे दगड उचलून अंड्यांपासून पाच-सहा हातांवर चार कोपऱ्यांना ठेवले. म्हणाला, "ताई, टिटवी बसली की आम्ही नांगर वळवतो, ही तर मशीन आहे. त्या बाजूने सुरू करतो." पेठ भागातला होता.

मला काहीच करावं लागलं नाही. मी फक्त पाणी ठेवलं. रोज सकाळी भरते.

—

खमंग
२९ एप्रिल, रात्री ९:४५

त्या मुकादमाला नाशिकची सगळ्यात चांगली मिसळ माझ्याकडून. मनापासून सांगतोय. कुठे आणून देऊ?

—

मोरपंखी
३० एप्रिल, सकाळी ७:१०

रोज लिहीत जा ना, एक ओळ तरी.

—

गोदाकाठची
२५ मे, सकाळी ६:५५

तीन निघाली! चौथं अंडं तसंच आहे. सकाळी खाली गेले तेव्हा पाण्याच्या भांड्यापाशी आई भिजत होती, आणि दगडाच्या सावलीत तीन कापसाचे बोळे चालत होते. मला बघून ती ओरडली आणि तिघं जागच्या जागी गायब. समोर असून दिसेनात.

आईला व्हिडिओ पाठवला. तिने चुलतीला दाखवला. चुलती आता ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. आवाज मोठा करून दोनदा लावायला सांगितला म्हणे.

नाशिक_ते_व्हँकुव्हर यांनी दुसरं नाव शोधा म्हटलं होतं. अजून सापडलं नाही. मी तिला टिटवीच म्हणते.

—

सिन्नरकर
२५ मे, सकाळी ७:२०

वा ताई! आता एक सांगा, अंडी उंचवट्यावर घातली होती म्हणालात ना? ढीग किती उंच? नाला जवळ आहे म्हणून विचारतोय. उंचावर घातली तर पाऊस जोरात, असं आमच्याकडे धरतात. पेरणीचं बघायचंय.

—

गोदाकाठची
२५ मे, सकाळी ७:२८

माझ्या कमरेएवढा. आणि ती अगदी माथ्यावर बसली होती.

—

सिन्नरकर
२५ मे, सकाळी ७:३०

मग यंदा बांध आधी नीट करून घेतो.